अंड्याचं शूटिंग

"खूप म्हणजे किती?"

हे विचारताना बाई उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट हवेत एकमेकांपासून थोडं लांब धरायच्या. जणू समोरच्याचं उत्तर त्या फटीत बसतं का, ते त्यांना बघायचं असायचं.

रिक्षावाला म्हणाला, "बेन, आजे बहु ट्राफिक छे," की बोटं वर. "बहु एटले केटलुं?" तो बिचारा हँडल धरून मागेच बघत राहायचा. माझी आई म्हणाली, "भलता उकाडा शे वं माय," तर बाई तिच्याच अहिराणीत विचारायच्या, "भलता म्हंजे कितला?" आई पदराने वारा घेत मला म्हणायची, "हाई बाईले येड लागेल शे." पण म्हणायची हसत, आणि बाईंच्या हातात ताकाचा पेला द्यायची.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्याजवळ बसलं की आपण शब्द जरा जपून वापरतो. मला तर फारच जपावं लागायचं, कारण माझं निम्मं बोलणं 'खूप'वरच चालायचं. खूप चुकलं, खूप वाईट वाटलं, खूप त्रास दिला मी सगळ्यांना. माझा स्वभावच तसा. आजही शेजारच्या दुकानात फ्यूज उडाला तरी मला वाटतं, आपण सकाळपासून पंखा चालू ठेवला म्हणून असेल.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. सुरतेच्या उधन्यात माझं लग्नाच्या शूटिंगचं छोटं दुकान होतं. वर पत्रा, खाली एक टीव्ही, दोन व्हीसीआर आणि खांद्यावर घ्यायचा व्हिडिओ कॅमेरा. आजूबाजूला लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे कारखाने. दिवसभर खडखडाट इतका की आमच्या गल्लीत प्रेमाची बोलणीसुद्धा ओरडून व्हायची.

एका दुपारी सुती साडी नेसलेल्या, खांद्याला जाड कापडी पिशवी लावलेल्या चाळिशीच्या एक बाई आत आल्या.

"कॅमेरा मिळेल का, माणसासकट?"

"मिळेल ना. लग्न कोणाचं?"

"लग्न नाही. अंडं आहे."

मला वाटलं, लूमच्या आवाजात मी चुकीचं ऐकलं. "काय आहे?"

"अंडं! कोंबडीचं! त्याचं शूटिंग करायचंय!"

रस्त्यावरून जाणारे दोघं थांबले. मी आवाज खाली आणला. "किती वेळ?"

"सकाळपासून संध्याकाळपर्यंत."

"दिवसभर? अंडं काय करणार आहे दिवसभर?"

"तेच तर बघायचंय," बाई म्हणाल्या आणि स्टूल ओढून बसल्या.

बाई मूळच्या आमच्याच खानदेशातल्या. सुरतेच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. त्यांनी मला त्या दिवशी जे सांगितलं ते मी तेव्हा अर्धंच समजलो, पण आता नीट सांगू शकतो. अंडं उबवायला ठेवलं की दुसऱ्या दिवशी पिल्लाच्या गर्भात हृदय तयार होतं. आधी ती एक साधी सरळ नळी असते. मग ती एका बाजूला वाकते. त्याच सुमाराला धडधडू लागते. प्रश्न एवढाच होता की नळी का वाकते? दोन्ही टोकं अडकलेली असताना ती लांब होते आणि मग जागा नाही म्हणून वाकते, की लांब व्हायच्या आधी स्वतःहूनच वाकायला लागते?

"आमच्या पुस्तकात दोन चित्रं आहेत," बाई म्हणाल्या. "एक सरळ नळीचं, एक वाकलेल्या नळीचं. मधलं मला हवंय. नुसतं बघायला नको, मोजायला हवंय. आधी लांबी वाढते की आधी वाक येतो."

"आणि ते कळलं तर?"

"कळलं तर कळलं. नाही कळलं तर माझी पीएचडी गेली."

ते मात्र मला लगेच समजलं. बाईंची पीएचडी घर, कॉलेज, सासूबाईंचं आजारपण यांत वर्षानुवर्षं रखडली होती. विद्यापीठाने शेवटची मुदतवाढ दिली होती. पुढच्या महिन्यात तिथे एक परिसंवाद होता. त्यात मोजमाप दाखवता आलं नाही तर त्यांची नोंदणी रद्द होणार होती. त्यांच्या विभागाचे साहेब, जे त्यांचे मार्गदर्शकही होते, मनाने चांगले होते, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "बेन, अशा कामाला जे कॅमेरे लागतात ते आपल्याकडे नाहीत. सोडून द्या."

"मग मला वाटलं," बाई म्हणाल्या, "सुरतेत कॅमेरे काय कमी आहेत? दर मांडवात एक उभा असतो."

*

कामाची पहिली अडचण विज्ञानाची नव्हती, शाकाहाराची होती.

कोंबडा-कोंबडी एकत्र असलेली, म्हणजे पिल्लू होऊ शकेल अशी अंडी पलसाण्याच्या पुढे हायवेवरच्या एका पोल्ट्रीत मिळायची. ती आणून कॉलेजात उबवायची. पण साहेब कडक शाकाहारी. त्यांनी अंड्यांना प्रयोगशाळेचा मागचा दरवाजा दिला होता आणि स्वतः पुढच्या दाराने येताना भिंतीकडे बघत यायचे. बाई राहायच्या कतारगामात, हिऱ्यांच्या कारखान्यांमागच्या एका सोसायटीत. तिथे तर अंड्याचं नावही काढायची सोय नव्हती. पोल्ट्रीवरून यायला उशीर झाला की अंडी घरी न्यावी लागायची. बाई ती टिफिनच्या डब्यात, कापसात गुंडाळून न्यायच्या. एकदा वॉचमनने हटकलं.

"बेन, डबामां शुं छे?"

खोटं बोलणं बाईंना जमायचं नाही. "हृदय छे, भाई," त्या म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या. वॉचमनने दुसऱ्या दिवशीपासून त्यांना दोन्ही हात जोडून नमस्कार करायला सुरुवात केली.

दुसरी अडचण कॅमेऱ्याची. मायक्रोस्कोपच्या डोळ्याला माझा कॅमेरा चिकटवायचा कसा? शेवटी कारखान्यात यार्न, म्हणजे सूत, ज्या पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून येतं, तसली एक नळी कापून मधे बसवली. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, लूमवर होते. नळी त्यांनीच आणून दिली. ती इतकी चपखल बसली की बाईंनी टाळी वाजवली. आबांना टाळी ऐकू आली नाही, पण दिसली. ते लाजले.

आबांच्या कानांचं सांगायला हवं. लूमच्या आवाजात त्यांचे कान जवळजवळ गेले होते. मी कॅमेरा शिकावा, माझे कान शाबूत राहावेत म्हणून ते दोन-दोन पाळ्या करत राहिले, असं माझं पक्कं मत होतं. मांडवात सनई सुरू झाली की मला आबांचे कान आठवायचे आणि सनई कडू व्हायची.

एकदा अंडं उबण्याची वाट बघत आम्ही प्रयोगशाळेत बसलो होतो, तेव्हा हे मी बाईंना सांगून टाकलं. "माझ्यामुळे खूप नुकसान झालं त्यांचं."

बोटं वर आली. "खूप म्हणजे किती?"

"आता कानांचं कसं मोजणार, बाई?"

"मोजता येतं तेवढं मोजावं. तू जन्मलास तेव्हा ते लूमवर होते?"

"कधीचेच."

"तू कॅमेरा हातात घेतलास तेव्हा त्यांना ऐकू येत होतं?"

मी आठवलं. "तेव्हाही कमीच येत होतं."

"मग जो भाग तुझ्या आधीच गेला होता तो तुझ्या अंगावर घेऊ नकोस."

"आणि उरलेला?"

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, अरे सोड, तसं काही नसतं. बाई म्हणाल्या, "उरलेला आहे तुझा. तेवढाच उचल."

मला आजवर इतकं हलकं कुणी केलं नाही.

*

आता शूटिंग. बाई अंड्याच्या कवचाला वरून छोटी खिडकी पाडायच्या. आत पिवळ्या बलकावर पांढुरका, जवळजवळ न दिसणारा गर्भ. तो दिसावा म्हणून त्याच्याखाली सुईने थोडी काळी शाई सोडायच्या. मग काळ्या पाटीवर खडूने काढावा तसा तो उठून दिसायचा. त्यानंतर चिमट्याने पांढऱ्या दोऱ्याचा एक अगदी बारीक तुकडा उचलून त्या गर्भाच्या शेजारी ठेवायच्या. दोरा आबांच्या लूमवरचाच, पॉलिएस्टरचा.

मला वाटलं, हे भारीच. "बाई, नजर लागू नये म्हणून ना?"

"हो."

"पण नजरेचा दोरा काळा असतो. हा पांढरा कसा?"

"शाई काळी आहे ना, काळा दोरा दिसेल कसा?" बाई गंभीरपणे म्हणाल्या. "आणि नजर दुसऱ्या कुणाची नाही रे. माझी. मला जे हवंय तेच मला दिसायला लागतं. दोऱ्याला काहीच नको असतं."

मला वाटलं, प्रोफेसर बाईंची काहीतरी श्रद्धा असेल. मी पुढे विचारलं नाही.

माझं काम सोपं होतं. कॅमेरा हलवायचा नाही. थोड्या थोड्या वेळाने बटण दाबायचं, क्षणभर रेकॉर्ड करायचं, बंद करायचं. तासन्‌तास चाललेली गोष्ट मग टेपवर काही मिनिटांत धावते. एवढंच. पण अंडी ऐकत नव्हती. एकात गर्भच नव्हता. एकात शाई पसरली. एक छान चाललं होतं, तर वीज गेली, अंड्याला ऊब देणाऱ्या पेटीतला बल्ब विझला आणि गर्भ थंड पडला. प्रत्येक अंड्यागणिक मला वाटे, माझाच पायगुण. बाई नुसत्या म्हणत, "पुढचं."

आणि मग ते अंडं आलं. सकाळपासून सगळं नीट. खिडकी स्वच्छ, शाई बेताची, वीज टिकून. नळी सरळ दिसत होती. दुपारी बाईंना तास घ्यायला जावं लागलं. जाताना म्हणाल्या, "फक्त बटण. दुसरं काही नाही."

मी एकटा होतो. भिंगातून आलेलं ते चित्र कॅमेऱ्यात बघत होतो. नळी एका बाजूला किंचित झुकल्यासारखी वाटली. आणि तेवढ्यात तिची कड हलली. थांबली. पुन्हा हलली.

मित्रहो, मी शेकडो लग्नं शूट केली आहेत. नवरी हार घालायला हात उचलते, त्या क्षणी चांगल्या शूटिंगवाल्याचा अंगठा आपोआप एका बटणावर जातो. तो विचार करून जात नाही. माझ्या उस्तादांनी शिकवलं होतं, झूम असा कर की बघणाऱ्याला कळताच कामा नये, फक्त चेहरा जवळ आल्यासारखा वाटला पाहिजे. माझ्यासमोर एक हृदय आयुष्यात पहिल्यांदा धडधडत होतं. मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर झूम केला. घाई न करता, दुपारभर, प्रत्येक वेळी बटण दाबताना किंचित पुढे, किंचित पुढे.

बाई तास संपवून आल्या, मायक्रोस्कोपच्या दुसऱ्या डोळ्याला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. काढला तेव्हा पापण्या ओल्या होत्या. "चालू झालं," एवढंच त्या म्हणाल्या.

*

मोजणी माझ्या दुकानात झाली. माझा एक व्हीसीआर चार हेडचा होता. त्याच्यावर चित्र थांबवलं की पट्टे येत नसत, स्वच्छ उभं राहायचं. त्याचा मला फार अभिमान. टीव्हीच्या काचेवर बाई पारदर्शक प्लास्टिकचा कागद चिकटवायच्या, थांबलेल्या हृदयाची कड पेनाने उतरवायच्या. मग त्या वाकलेल्या रेघेवर एक दोरा बसवायचा, तो सरळ करायचा आणि पट्टीवर मोजायचा. ही लांबी. मग नळी मधोमध बाजूला किती सरकली ते मोजायचं. हा वाक. पुढचं चित्र. पुन्हा तेच.

आबा पाळीवरून आले होते. ते बाकावर बसून बघत होते. आमच्या टेपला आवाज नव्हताच, त्यामुळे दुकानात पहिल्यांदाच आम्हा सगळ्यांना सारखंच ऐकू येत होतं. पडद्यावर नळीची कड हलली तसे आबा ताठ झाले. त्यांच्या हाताची बोटं बाकावर ठोके द्यायला लागली. मग ते बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात ओरडले, "लूम सुरू व्हयना!"

बाई हसल्या. पण मोजत मोजत त्यांचा चेहरा उतरत गेला. लांबी वाढत होती, आणि तिच्याबरोबर वाकही वाढत होता. साहेब नेहमी म्हणायचे तेच. दोन भिंतींमध्ये वाढणारी काठी, वाकणारच. बाईंना आतून वेगळं वाटत होतं, पण आकडे साहेबांच्या बाजूने होते.

"असू दे," बाई म्हणाल्या. "जे आहे ते आहे. दोरा मोजू आणि उठू."

"तो नजरेचा?"

"हो, तोच."

त्यांनी प्लास्टिकवर दोऱ्याचा तुकडा उतरवला. पहिल्या चित्रातला. मग शेवटच्या चित्रातला. दोन्ही एकमेकांवर ठेवले. मग आबांच्या कानाजवळ जाऊन ओरडून विचारलं, "आबा, पॉलिएस्टर वाढतं का हो?"

"काय?"

"दोरा! आपोआप लांब होतो का?"

आबांनी असा चेहरा केला, जणू बाईंना खरंच वेड लागलंय. "दोरा कसा वाढी?"

"पण हा वाढलाय," बाई म्हणाल्या.

तो नजरेचा दोरा कशासाठी होता ते मला त्या क्षणी कळलं, आणि मी काय केलं होतं तेही. "बाई, मी झूम केलं."

"का?"

"ते धडधडलं... आम्ही हार घालताना करतो. अंगठा गेला." "बाई, चूक झाली. खूप मोठी चूक झाली. तुमची पीएचडी..."

बोटं वर आली. "खूप म्हणजे किती?"

मला वाटलं, त्या मला टोमणा मारताहेत. मी मान खाली घातली. थोड्या वेळाने वर बघितलं, तर बोटं तशीच हवेत होती आणि बाईंचे डोळे चमकत होते. त्या टोमणा मारत नव्हत्या. त्या विचारत होत्या.

"अरे, मान काय घालतोस? सांग ना, किती? नाही सांगता येत? तो दोरा सांगेल. दोरा वाढत नाही. जेवढा तो वाढलेला दिसतो, तेवढा तुझा झूम. बरोबर? प्रत्येक चित्रात दोरा आहे. हृदयाच्या लांबीला दोऱ्याच्या लांबीने भागायचं. तुझा झूम निघून जाईल. राहील ते हृदयाचं."

मी टेप पुन्हा लावली. चित्र थांबवायचं, बाईंनी दोरा मोजायचा, भागायचं, पुढचं. आईने मधे भाकरी आणून ठेवली, कुणी हात लावला नाही. बाई आकड्यांवरून ठिपके काढत गेल्या, मग ठिपके जोडले. कागद माझ्यासमोर धरला.

लांबीची रेघ जवळजवळ आडवी होती. बराच वेळ आडवी, शेवटी कुठे वर चढत होती. वाकाची रेघ मात्र सुरुवातीपासून चढत होती. भागल्यावरही.

"बघ," बाई म्हणाल्या. "लांबी तू वाढवलीस. वाकली ती स्वतःहून."

मी सांगतो, मला रडू फुटलं. आबांना काय झालं ते कळेना. त्यांना वाटलं, अंडं मेलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवून मोठ्याने धीर दिला, "जाऊ दे, दुसरं आणू!"

"आणायचंच आहे, आबा!" बाई ओरडून म्हणाल्या. "एका अंड्यावर बोलायचं नसतं!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या कॅमेऱ्याच्या झूमच्या बटणावर औषधाच्या दुकानातली चिकटपट्टी लावली. जखमेवर लावतात तशी. मग अजून अंडी आली. काही दगावली, काही टिकली. जी टिकली त्यांत आधी वाक होता, मग लांबी. पण पहिली धडधड नेमकी पकडली गेली होती ती त्या झूमवाल्या अंड्यातच. ती टेप बाईंनी परिसंवादाला न्यायची ठरवली.

*

परिसंवादाला मी टीव्ही आणि व्हीसीआर घेऊन गेलो. लग्नाचा शर्ट घातला होता. सभागृहात दुसऱ्या शहरांतून आलेले प्राध्यापक होते, आणि पहिल्या रांगेत बाईंचे साहेब. अंडी पडद्यावर येणार म्हणून ते थोडे तिरके बसले होते.

बाईंनी सुरुवातच चुकीपासून केली. "हे चित्रण लग्नाच्या कॅमेऱ्यावर केलंय," त्या म्हणाल्या. लोक हसले. "आणि मधे झूम झालाय." लोक जास्त हसले. "तो झूम किती झाला, ते आधी दाखवते." त्यांनी दोऱ्याची मापं दाखवली, हसू थांबलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बटण दाबलं.

काळ्या शाईवर ती पांढरी नळी आली. झुकली. कड हलली. थांबली. पुन्हा हलली. मग ठोका लागला. साहेब हळूहळू सरळ बसले. मग पुढे वाकले. मग, मी शपथेवर सांगतो, उठून टीव्हीजवळ आले आणि त्या अंड्याकडे डोळे भरून बघत उभे राहिले.

पाहुण्यांमधले एक वयस्क प्राध्यापक, पांढऱ्या भुवयांचे, हिंदीत म्हणाले, "मॅडम, आप को अपने नतीजे पर बहुत भरोसा है?"

मी डोळे मिटून घेतले. मला माहीत होतं काय होणार.

बाईंची बोटं वर गेली. "बहुत यानी कितना, सर? वही बताने आई हूँ." आणि त्यांनी पुढचा कागद लावला. प्रत्येक ठिपक्याला वर-खाली छोटी रेघ होती, आपण किती चुकलेलो असू शकतो ते सांगणारी. दोऱ्याचं माप किती चुकलं असेल, पेनाची जाडी किती, अंड्या-अंड्यांत फरक किती, सगळं. इतक्या रेघा धरूनही वाक लांबीच्या आधीच येत होता.

पांढऱ्या भुवयांचे प्राध्यापक कागदावरची एकेक रेघ बघत गेले आणि त्यांनी मान डोलावली. साहेब वळले. त्यांच्या चेहऱ्यावर हरल्याचा मागमूस नव्हता. लहान मुलाला पतंग कापता आल्यावर होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता. "मारुं अनुमान खोटुं पड्युं, बेन," ते म्हणाले आणि त्यांनीच पहिली टाळी वाजवली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी इतका भारावलो की टेप थांबवायची विसरलो.

आता इथे एक सांगायचं राहिलं. ती कॅसेट कोरी नव्हती. एका लग्नात मांडवातच दोन्हीकडच्या मंडळींचं भांडण झालं होतं आणि शूटिंग न्यायला कुणी आलंच नव्हतं. कॅसेट फुकट जाऊ नये म्हणून मी तीच वापरली होती. टाळ्या चालू असताना हृदय संपलं, पडदा एकदा फडफडला आणि बँडबाज्यासकट वरात सुरू झाली. नवरदेवाचा जाडजूड मामा तोंडात रुमाल धरून, बसून-उठून नागीण नाचत होता.

मी व्हीसीआरकडे धावलो. वायरीत पाय अडकला. मामा नाचतच होता.

पांढऱ्या भुवयांचे प्राध्यापक शांतपणे म्हणाले, "मॅडम, यह कौन-सी अवस्था है?"

"सबसे आखिरी, सर," बाई म्हणाल्या. "यहाँ धड़कन बहुत तेज़ हो जाती है."

सभागृह पोट धरून हसलं. आणि टाळ्या पुन्हा सुरू झाल्या. या वेळी त्या कुणासाठी होत्या, बाईंसाठी, हृदयासाठी की मामासाठी, ते मला सांगता येणार नाही. वायरींत अडकून जमिनीवर बसलेल्या मला बाईंनी हात देऊन उठवलं आणि लोकांना सांगितलं, "हे आमचे छायाचित्रकार." लग्नात मला आजवर सगळे 'ओ शूटिंग' म्हणत आले होते.

*

बाईंची नोंदणी राहिली. पीएचडी झाली. नंतर त्यांना दूरच्या शहरात एका मोठ्या संशोधन संस्थेत जागा मिळाली. तिथे तासन्‌तास आपोआप चित्रं घेणारे कॅमेरे होते, असं त्यांनी एकदा फोनवर सांगितलं. "पण दोरा मी अजून ठेवते," म्हणाल्या.

आता आबा नाहीत. माझं दुकानही आता वेगळं आहे. मुलं कॅमेरा हवेत उडवून लग्नं शूट करतात. आबांची आठवण आली की जुना दोष पुन्हा डोकं वर काढतो. मग मी मोजायला बसतो. माझ्या वाट्याचा तेवढा उचलतो. तो आहेच. पण उचलता येतो.

आणि मी झूम करत नाही. गिऱ्हाइकं तक्रार करतात, नवरीचा चेहरा जवळून घेतला नाही म्हणून. मी कॅमेरा घेऊन दोन पावलं पुढे जातो.

बाई सुरत सोडून गेल्या त्या दिवशीची टेप माझ्याकडे आहे. आई-आबांना भेटायला त्या उधन्याला आल्या होत्या, इथूनच रिक्षाने स्टेशनला निघाल्या. सामान भरताना रिक्षावाला कुरकुरला, "बेन, बहु सामान छे." काय झालं असेल ते तुम्हाला आता सांगायला नको.

मी कॅमेरा खांद्यावर घेऊन रस्त्यात उभा होतो. रिक्षा निघाली. बाजूने बाईंचा हात बाहेर आला, अंगठा आणि पहिलं बोट, मधे थोडी फट. दोन्हीकडे लूम खडखडत होते. रिक्षा लहान होत गेली, हात लहान होत गेला. माझा अंगठा सवयीने त्या बटणावर गेला. बटणावर अजून ती चिकटपट्टी होती.

मी अंगठा उचलून घेतला. बाई जेवढ्या लांब गेल्या, तेवढ्याच लांब दिसू दिल्या.